लांबून कोणी रडतं काय

"जात्या रे, थांब जरा, दळनारी गेली दूर
तिच्या लेकीच्या डोयाले कसा आवरू मी पूर..."

हा आवाज आरतीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा मरण म्हणजे काय हे कळण्याचं तिचं वय नव्हतं. आईला ओसरीत निजवलं होतं, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि गल्लीच्या तोंडापासून तो सूर चालत येत होता. आधी सूर आला, मागून पार्बताबाई आली. आल्या आल्या तिनं आरतीला उचललं, छातीशी आवळलं, आणि तिच्या विस्कटल्या केसांत तोंड खुपसून ती गात राहिली, रडत राहिली. गात होती की रडत होती, ते कोणाला वेगळं करून सांगता आलं नसतं.

वऱ्हाडात गेलेल्या माणसाचं रडणं असंच. नुसत्या डोळ्यांनी ते होत नाही, गळ्यात पडूनच करावं लागतं. येणारी बाई दारातून सूर लावते, घरची बाई उठून सामोरी जाते, दोघी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकतात, आणि गेलेल्याचे गुण ओळीओळीनं बाहेर येतात. जी गळ्यात पडत नाही तिच्या मनात अढी आहे, असं गाव धरून चालतं. आणि या गावात पार्बताबाईच्या सुराशिवाय एकही मयत उठलं नव्हतं. नात्यानं ती आरतीच्या चुलत्याची बायको, मोठीमाय. आई गेल्यावर आरतीची वेणी तिनं घातली, शाळेत जाताना डब्यात भाकर तिनं बांधली, लग्नात अमरावतीच्या वऱ्हाडापुढं तोंडभरून उखाणा घ्यायलाही तिनंच शिकवलं.

तीच मोठीमाय आता समोरच्या घरात बाजेवर पडून होती, आणि तिच्या छातीतून सूर नाही, नुसती घरघर येत होती.

"टायफॉईड हाये," देवमन ओट्यावरून म्हणाला. देवमन म्हणजे पार्बताबाईचा एकुलता लेक. "डाक्टरनं सलाईन लावली. उतरते म्हने ताप."

आरती दारातच उभी होती. दुपारचं ऊन अंगणात तापल्या तव्यासारखं पसरलेलं. सलाईनची बाटली खुंटीला टांगलेली, तिच्या शेजारी कॅलेंडर. बाजेवर म्हातारीचं पोट खालीवर होत होतं, भरभर, जणू कोणी मागं लागलंय. ओठांवर जांभळी छटा होती. तशी छटा आरतीनं अलीकडंच एकदा पाहिली होती. काळीपिवळी जीपच्या मागच्या सीटवर, आपल्या मांडीवर.

"देवमनभाऊ, अकोल्याले नेऊ ना मोठीमायले."

"टायफॉईडसाठी अकोल्याले?" देवमन कोरडं हसला. "तिथी धडधाकट मानूस जाते अन् पिशवीत बांधून येते. पुंजाजीचं पाह्यलं ना तुमी?"

पुंजाजीचं सगळ्या गावानं पाहिलं होतं. मार्चात तो अकोल्याच्या दवाखान्यात गेला आणि तिकडंच त्याला प्लास्टिकात गुंडाळून जाळलं. त्याची पोरं कुंपणाबाहेर उभी राहून धूर पाहून आली. गावात परतली तेव्हा घराच्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्या पडल्या होत्या. चक्कीवाल्यानं त्यांचं दळण हात न लावता परत धाडलं. तेरवीला घरचे सोडून कुत्रंही फिरकलं नाही. ज्या पुंजाजीनं साऱ्या गावाच्या लग्नात बुंदी पाडली, त्याचं नाव घेताना लोक तोंडावर पदर धरायला लागले.

म्हणूनच आरतीचे वडील, खुशालराव, गेले त्या दिवशी गाडीत तसं बोलले.

आरती अमरावतीहून थेट अकोल्याला पोचली होती. धाकटा भाऊ नितेश गावाहून नबीच्या काळीपिवळीत वडिलांना घेऊन आला होता. जठारपेठेतल्या एका दवाखान्यात डॉक्टरनं नाकात काडी घातली आणि थोड्या वेळानं काचेआडून सांगितलं, "कोरोना आहे. ऑक्सिजन खाली चाललाय. माझ्याकडे जागा नाही, बेड शोधा, लवकर." मग ते शोधत राहिले. या गेटवरून त्या गेटवर. कुठं हात जोडले, कुठं भांडले. शेवटी खुशालरावांनीच लेकीचं मनगट धरलं.

"आरते, घरी चाल. मले पुंजाजीसारखं नोको धाडजो माय. चार खांदे लागू दे."

दहीहंडा गावाच्या अलीकडं त्यांचा हात सुटला. गाडी थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिघंच होते, आरती, नितेश आणि नबी. आरतीनंच डोळे पुसले आणि ती म्हणाली, "हार्टनं गेले. कोनी इचारलं तं हार्ट." नितेशनं मान हलवली. नबीनं जबान दिली आणि गाडी चालू केली.

आणि मग चार खांदे मिळाले. चार काय, चाळीस मिळाले असते. बायकांनी अंगण भरलं. आरती तोंडाला पदर गुंडाळून कोपऱ्यात, सगळ्यांपासून वेगळी बसली होती. भावजयीला तिनं आधीच आत कोंडल्यागत केलं होतं, तिला चक्कर येते म्हणून. तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून सूर आला.

"फुटलं रे बोंड बोंड, कोन येचीन कापूस
माह्या देराच्या घराले कोन म्हनीन मानूस..."

पार्बताबाई दारात आली, हात पसरून. आरती उठली आणि एक पाऊल मागं सरली.

"मोठीमाय, लांबूनच. दिवस खराब हायेत."

"काय व माय!" म्हातारी उभ्या जागी थबकली. "लांबून कोनी रडते काय? तुह्या बापाले मी कडेवर खेळोलं व." आणि तिनं आरतीच्या तोंडावरचा पदर ओढून बाजूला केला, तिला पोटाशी धरलं, गालाला गाल लावला. आरतीच्या तोंडात शब्द आला होता. एवढ्या बायका पाहत होत्या. बाप अजून उचलायचा होता. शब्द तिनं गिळला, आणि मग खरोखरच रडू फुटलं, आणि तिनंही म्हातारीला घट्ट आवळलं.

त्यानंतर आरतीच्या जिभेची चव गेली. फोडणी जळाली तरी तिला कळलं नाही. नितेश मागच्या गोठ्यात जाऊन खोकायचा, म्हशीच्या हंबरण्यात खोकला लपवायचा. दहावा अजून व्हायचा होता.

आता देवमनच्या दारातून ती तशीच परतली आणि नितेशला गोठ्यातच गाठलं.

"मोठीमायचे ओठ निळे पडले. बाबाचे पडले होते तसे. सांगा लागते, नितेश."

नितेशनं वैरणीची पेंढी खाली टाकली. "काय सांगतं? अन् कोनाले? तू तं अमरावतीले निंघून जासीन, बाई. मले इथंच मराचं हाये. माह्या घरचं दूध कोन घीन? पुंजाजीच्या पोराइले पाह्य ना, तोंड लपवून शेतात जाते."

"ते मरून राहिली!"

"टायफॉईड म्हने ना डाक्टर."

"तुले माहीत हाये काय हाये ते."

नितेश तिच्याकडं बघेना. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "सांगतलं तं वाचनार हाये काय? बाबाले भेटला बेड? मंग?" आणि लहान असताना बोलायचा त्या आवाजात, "चार खांदे त्यायनंच मांगतले होते ना, बाई. आपन काय पाप केलं?"

 आरती गोठ्यातून बाहेर पडली ती एसटीच्या थांब्याकडं. कडुनिंबाखाली नबीची काळीपिवळी उभी होती. बाजूनं सायकल ढकलत जाणारा एक म्हातारा ओरडत होता, "काहून बे नबी, गुलनारनं हाकललं काय घरातून? रोज गाडीतच झोपते!"

"घोरतो म्हने, बावाजी!" नबी हसून ओरडला. आरतीला पाहताच हसू विझलं. तो गाडीतून उतरला आणि बोनेटच्या पलीकडं, अंतर राखून उभा राहिला.

"खरंच घरी नाही गेले तुमी?" आरतीनं विचारलं.

"त्या दिवसापासून नाही. गुलनारच्या पोटात जीव हाये, ताई. तिले दारातूनच खरं काय ते सांगतलं. ते डबा भाईर ठेवते, मी उचलतो." त्यानं पायानं एक खडा सरकवला. "तिच्याशिवाय कोनाले नाही बोललो. तुमाले जबान देली होती."

आरतीला वाटलं कोणीतरी थोबाडीत मारली. या माणसानं आपल्या माणसाला वाचवायला घर सोडलं. आणि तिनं? तिनं आपल्या माणसाच्या खांद्यावर मान टाकली.

"मी सांगाचं म्हनते, नबीभाऊ. देवमनले."

नबी रस्त्याकडं बघू लागला. दूर दर्यापूरच्या रस्त्यावर उन्हाच्या झळा पाण्यासारख्या हलत होत्या.

"मागच्या साली टीव्हीवर आमच्या लोकाइचं काय काय दाखोलं, तं माह्या गाडीत कोनी बसे ना," तो हळूच म्हणाला. "दर्यापूरच्या स्टँडवर पोट्टे म्हनत, कोरोनावाला आला, कोरोनावाला आला. ज्याच्या वावरात माहा बाप राबला, त्यानं मले दुरून पानी ओतून देल्लं. आत्ता कुठी सवाऱ्या भेटून राहिल्या. तुमी सांगसान तं लोक पह्यले काय म्हनतीन? नबीनं आनला. गाडी तं माहीच होती ना." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "खोटं कायले बोलू. नोका सांगू, असंच वाटते मले."

आरती मान खाली घालून वळली. चार पावलं गेली असेल.

"ताई," मागून आवाज आला. "म्हातारीले धाप किती हाये?"

"बोलता येत नाही, इतकी."

नबीनं शिवी हासडली, ती कोणाला ते कळलं नाही. मग गाडीचं दार आदळल्याचा आवाज आला आणि इंजिन खरखरून सुरू झालं.

देवमनच्या अंगणात, घरात आता गर्दी होती. दुपारची झोप मोडून शेजारच्या बायका आल्या होत्या, कोणी पदरानं वारा घालत होती, कोणी तळपाय चोळत होती. सरपंच राहिलेले महादेवराव खुर्चीवर बसून, "तालुक्याचा डाक्टर बलावू काय?" असं विचारत होते. देवमनची बायको प्राजक्ता तान्ह्या पोरीला घेऊन आत आली आणि सवयीनं तिला आजीच्या कुशीत ठेवायला वाकली.

"तिले तिथी ठेवू नोको!"

आरती ओरडली ते इतकं मोठ्यानं की प्राजक्ता वाकलेल्या जागीच थिजली. सगळ्या माना वळल्या. पार्बताबाईनंही डोळे उघडले. आरतीला पाहून तिचा एक हात सवयीनं वर उठला, मिठीसाठी, आणि सलाईनच्या नळीला हिसका बसला.

"ये... व..." घरघरीतून दोनच शब्द आले.

"काहून, काय झालं?" देवमन उठून उभा राहिला.

गर्दीच्या मागं नितेश येऊन पोचला होता. धावत आला असावा, छाती भात्यासारखी हलत होती. तो नुसती मान हलवत होता, नाही, नाही, नाही. कुंपणाबाहेर काळीपिवळी येऊन थांबली. नबी उतरला नाही. त्यानं फक्त मागचं दार आतून ढकलून उघडं केलं.

"मोठीमायले टायफॉईड नाही," आरती म्हणाली. "बाबाले हार्टचं काई नव्हतं. बाबा कोरोनानं गेले."

 तळपाय चोळणारीचे हात सुटले. वारा घालणारीनं तोच पदर नाकाला लावला. कोणाची तरी चप्पल उंबऱ्यावर उलटी झाली, ती तशीच टाकून ती बाई पळाली. महादेवराव खुर्चीसकट मागं सरले. प्राजक्ता पोरीला उराशी धरून भिंतीला लागली. बघता बघता बाजेभोवती रिकामं रिंगण झालं आणि त्यात म्हातारी एकटी राहिली.

"तरी म्हनलं," महादेवराव कुंपणापलीकडं बोट दाखवत म्हणाले, "हा नबी गाडीत काहून झोपून राहिला! यानंच आनलं असन..."

"त्यानं नाही आनलं. बाबाइले आधीच होता. मी त्याले चूप राह्याले लावलं. त्यानं आपल्या बायकोले सांगतलं, आपल्या घरात पाय नाही ठेवला. जे मी कराले पाह्यजे होतं ते त्यानं केलं. आता दवाखान्यात न्याले बी थोच उभा हाये." आरती बाजेजवळ आली, म्हातारीच्या डोक्याखाली तिनं हात घातला. "देवमनभाऊ, पाय धरा. वेळ नाही. बेड भेटन का नाही मले माहीत नाही, पन इथी ठेवसान तं मोठीमाय जाईन."

देवमन हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग यायचा होता, अजून आला नव्हता. तो हिशेब लावत होता, मयताचा दिवस, आईचं रडणं, आईचा ताप.

"तुमाले कवा समजलं हे?" त्यानं विचारलं.

"काल!" नितेश मागून ओरडला. "काल समजलं भाऊ, कालच! दवाखान्यातून काल फोन आला. आमाले तरी काय माहीत होतं?"

अंगणातले सगळे नितेशकडं वळले आणि मग आरतीकडं. तो शब्द तिच्यापुढं ठेवलेला होता, उचलायचाच काय तो अवकाश. तो उचलला असता तर पिकावर कीड पडावी तसं झालं असतं, कोणाचाच दोष नाही. दुर्दैव म्हणून लोक दुरून का होईना, हळहळले असते. देवमनचा राग देवावर गेला असता. भावाचे डोळे भीक मागत होते.

हातावर म्हातारीच्या मानेचा ताप लागत होता. ती आरतीकडंच बघत होती. श्वास मोडत होता, पण नजर जागी होती.

"काल नाही," आरती म्हणाली. ती देवमनशी बोलत होती, पण पाहत होती त्या डोळ्यांतच. "बाबा जित्ते होते तवाच डाक्टरनं सांगतलं होतं. मोठीमाय, तू माह्या तोंडावरचा पदर काढला, मले पोटाशी धरलं ना... तवा मले माहीत होतं."