व्यंकटी आणि बंद दारं

"दार उघड! कोन हाय आत? उघड म्हनतो ना!"

व्यंकटीनं पहार कडीत घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. पत्रा करकरला आणि कडी स्क्रूसकट निघून आली. आत महामाया अंघोळ करत होती. तिची किंकाळी अख्ख्या छावणीनं ऐकली.

तिचा नवरा अश्वजित नळावरून धावत आला आणि हातातली भरलेली बादली त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात पडला, तरी व्यंकटी चौकट सोडेना. मग लाथा सुरू झाल्या.

मंगळवार होता, म्हणून समीक्षा तिथं होती. ती जळकोटची, एका संस्थेची समुपदेशक. दर मंगळवारी यायची, 'मन मोकळं करा' असा फलक झाडाला बांधायची आणि लोकांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवायची. लोक गुणी. तिच्यासमोर श्वास घ्यायचे आणि तिची पाठ वळली की एकमेकांवर खेकसायचे. जयंतीच्या मिरवणुकीवरून गावानं त्यांची वस्ती जाळली होती आणि आता ते हिमायतनगरबाहेर पत्र्याच्या खोल्यांत पडले होते. असल्या माणसांना श्वास तरी किती पुरणार?

समीक्षा मध्ये घुसली, तेव्हा अश्वजितचा एक ठोसा तिच्याच कानशिलावर बसला.

"व्हा बाजूला, मॅडम! आज ह्याला खांबाला बांधतोच. रोज कुनाची तरी कडी तोडून राहिला हा मानूस. बायामान्सानं अंग कुठं धुवायचं?"

त्याचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. शेजारच्यांनी दोरी आणली.

"बांधू नका. बांधलं तर ते यातून कधीच उठणार नाहीत," समीक्षा म्हणाली.

"अन् न्हाई बांधलं तर?"

तिनं नुसतंच दोरीचं टोक धरून ठेवलं. स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

व्यंकटी रक्त थुंकत एकच घोकत होता, "धम्मदीप भायेर हाय. उघडा रे."

धम्मदीप त्याचा मुलगा. जाळपोळीच्या रात्री तो बापाचंच दार बडवत होता. बाहेर जमाव, दगड, आरडाओरडा; त्यात पोराचा आवाज ओळखू आला नाही. दार उघडलंच नाही. सकाळी तो उंबऱ्याशी डोकं फुटून पडलेला सापडला. व्यंकटी भेकड निघाला, असं छावणीत उघड बोललं जायचं. तो ऐकून घ्यायचा.

दोरीची गाठ बसायच्या आत व्यंकटीची बायको धुरपताबाई पुढं झाली. तिनं आपलं मनगट अश्वजितसमोर धरलं.

"आधी ह्ये बांध, बाबा. त्या राती ह्यांनी कडीला हात घातला व्हता. मीच त्या हाताला लोंबकळले. म्हनलं, पोरगं न्हाई, त्येच लोक हायेत. ह्यांनी कुनाला सांगितलं न्हाई."

व्यंकटी तिच्याकडे बघत राहिला आणि मग मोठ्यानं रडायला लागला. अश्वजितच्या हातातली दोरी ढिली पडली.

एवढ्यात ओली साडी गुंडाळलेली महामाया दारातून ओरडली, "डोळ्यात साबन चाल्लाय माह्या! काकी, दारापुढं हुभ्या ऱ्हा. बाकीचे निघा हितून."

माणसं मुकाट्यानं पांगली. तिनं दार नुसतं लोटून घेतलं. धुरपताबाई पदर पसरून पुढं उभी राहिली. तिच्या पायाशी, दाराकडे पाठ करून, व्यंकटी जमिनीवर बसला. हनुवटीवरचं रक्त त्यानं बाहीनं पुसलं. आत पाण्याचा आवाज सुरू झाला.

"सावकाश कर, पोरी," तो म्हणाला. "मी हाय भायेर."