आजोबांच्या वाटणीची सिगारेट

मित्रांनो, मी एक जुना मातीचा ॲशट्रे आहे. कडेचा टवका उडालाय, पण नजर शाबूत आहे. माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. आयुष्यभर माणसांची बोटं इतक्या जवळून पाहिली असती, तर तुमचाही बसला नसता.

मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये एका कुंभारणीने मला घडवलं. एलादिओने मला सदऱ्यात गुंडाळून उत्तरेला, अमेरिकेतल्या फ्रेस्नोला आणलं. तो द्राक्षमळ्यात काम करायचा. घरी कोणी आलं की आधी सिगारेट पुढे करायची आणि मग खुशाली विचारायची, ही त्या घरची रीत. पाहुणे माझ्या निळ्या नक्षीची वाहवा करायचे आणि लगेच तिच्यावर राख झाडायचे. तेव्हापासून मला कौतुकाचाही संशय येतो.

मग एलादिओच्या फुप्फुसावर डाग निघाला. टोपी हातात धरून तो चर्चमध्ये गेला आणि ग्वादालुपेच्या मेरीमातेसमोर शपथ घेतली, वर्षभर सिगारेटला हात लावणार नाही. पाद्रींनी सही केलेलं शपथेचं कार्ड त्याच्या बायकोने, रेमेदिओसने, फ्रिजवर चिकटवलं. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा तिची भिस्त त्या कार्डावर. शपथ मोडली तर नवरा हातचा जाईल, अशी तिची खात्रीच होती. माझी रवानगी सिंकखाली, साबणामागे झाली. कोणी विचारलंसुद्धा नाही.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मला घासूनपुसून बाहेर काढलं. एलादिओच्या वडिलांच्या फोटोपुढे झेंडू, गोड पाव, आणि माझ्यात एक न पेटवलेली सिगारेट. आजोबांना ती फार प्रिय होती. दुपारी नवराबायको कबरस्तानात गेली. त्यांची मुलगी नेरेइदा मक्याच्या पिठाचे तमालेस उकडायला घरी थांबली. फुलं विसरली म्हणून एलादिओ मध्येच एकटा येऊन गेला. दोघं परतली तेव्हा माझ्यात राख होती आणि थोटूक.

“सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली,” रेमेदिओस म्हणाली. “आजवर त्यांनी काडी पेटवली नाही. यंदाच बरी तलफ आली?”

“आता ते त्यांनाच विचार की.”

“दात काढू नकोस, म्हाताऱ्या! घरात तू आणि ही पोर. आणि आपल्यात बायका सिगारेट ओढत नाहीत.”

गावी नसतील ओढत. पण नेरेइदा इथेच जन्मली. दातांच्या दवाखान्यात काम करते, मधल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर ओढते. त्या दिवशी तिचं पाकीट संपलं होतं. थोटकावर लिपस्टिकची खूण स्पष्ट होती. रेमेदिओसला ती दिसली नाही, कारण ती बाईची खूण शोधतच नव्हती. एलादिओला दिसली. मला वाटलं, आता हा पोरीचं नाव सांगून मोकळा होणार. त्याने थोटूक मुठीत लपवलं.

“मीच ओढली,” तो म्हणाला.

माझा अंदाज साफ चुकला, आणि मला माझीच लाज वाटली.

रेमेदिओसचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फ्रिजवरचं कार्ड ओढून काढलं. “डाग लहान होतोय म्हणाले होते रे डॉक्टर. आता मी कोणत्या तोंडाने मातेपुढे जाऊ?”

“आई, फाडू नकोस!” नेरेइदा धावत आली. “बाबांनी शपथ पाळलीय. ती सिगारेट मी ओढली.”

“तू? अगं, बाईमाणसाने...”

“इथे सगळ्या ओढतात, आई.”

“मग इथल्या बायकांना फुप्फुसं नसतात का?”

एलादिओ खोकला, आणि नेरेइदा रडायला लागली.

आता फ्रिजवर शपथेची दोन कार्डं आहेत, दुसरं नेरेइदाचं. माझ्यात घरच्या किल्ल्या असतात. मित्रांनो, मला असंच ठेवा. संशय घ्यायचाच झाला, तर ज्यांच्यावर जीव आहे त्या सगळ्यांवर सारखा घ्या, त्यात बाईमाणूस म्हणून कोणाला सोडू नका.

नेरेइदा कामावरून येते, किल्ल्या टाकते, तेव्हा मी तिची बोटं हुंगतो. रेमेदिओसही तिचा हात हातात घेऊन मुका घेते, जरा जास्तच वेळ. काल त्या बोटांना पुदिन्याचा वास होता. एवढा पुदिना माणूस उगाच हाताला चोळत नाही. रेमेदिओसने हात सोडला नाही.