तेलाचा ठराव

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळाला इतिहासाचं प्रेम उफाळून आलं ते २००८च्या दिवाळीत. एरवी आमचा कार्यक्रम म्हणजे पोरांचे हिंदी नाच आणि गार झालेले बटाटेवडे. त्या वर्षी मोठी मुलं स्टेजवर राष्ट्रसंघाची सभा भरवणार होती. साल १९३५. इटलीने इथिओपियावर हल्ला केलाय, तर इटलीचं तेल तोडायचं का, यावर एकेक देश झालेली मुलं मत देणार. खऱ्या इतिहासात तेल कुणीच तोडलं नाही. मंदीने सगळ्यांचं कंबरडं मोडलेलं, त्यात व्यापार कोण सोडणार आणि दांडगटाला कोण दुखवणार? पण इथे निकाल मुलांच्या हातात होता.

माझी लेक केया इथिओपिया झाली होती. घरचा अभ्यास बाजूला ठेवून ती फोनवर एकेका देशाला पटवत बसायची. ''आई, धिस टाइम वी कॅन स्टॉप देम,'' म्हणायची. ब्रिटन झालेल्या आर्यने शब्द दिला होता, फ्रान्सनेही दिला होता.

इटली होता अनीश, नरेंद्रचा मुलगा. नरेंद्र मंडळाचा सर्वेसर्वा. आमच्यातल्या निम्म्या घरांचे व्हिसा त्याच्या कन्सल्टिंग कंपनीने काढलेले, माझ्या नवऱ्याचा, श्रीरंगचाही. तेव्हा बँका कोसळत होत्या आणि रोज कुणाचं तरी काम सुटत होतं. काम सुटलं की व्हिसा जायचा आणि मग बॅगा भरायच्या.

तालमीला हे महाशय कॉफी घेऊन आले. ''अनीशचे आजी-आजोबा खास पुण्याहून आलेत,'' म्हणाले. ''त्यांच्यासमोर पोरगा हरला तर बरं दिसत नाही. बघा जरा. श्रीरंग, तुझा प्रोजेक्ट डिसेंबरमध्ये संपतोय ना?'' आवाज चढवायची त्याला गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आर्यच्या आईचा, रेणूचा फोन. ''दीपा, मुलांचा तर खेळ आहे गं. आर्य न्यूट्रल राहील. समजून घे ना यार.'' मी समजून घेतलं. एवढी शिकली-सवरलेली माणसं एका पोराच्या लुटुपुटूच्या हरण्याला टरकली होती. फ्रान्सच्या आईनेही तेच सांगितलं.

मी केयाला सगळं सांगितलं. तिने बोटांवर मतं मोजली आणि चक्क हसली. ''देन इट्स अ टाय. टाय झाली की चेअर व्होट करतो. आणि चेअर बाबा आहे.''

खरंच, भारदस्त आवाज म्हणून सभेचं अध्यक्षपद श्रीरंगला दिलं होतं. ठरावाच्या बाजूने मत देशील ना, असं केयाने विचारल्यावर त्याने मान डोलावली. तेव्हा तरी मला वाटलं, आपलं माणूस आहे.

कार्यक्रमात केया सुरेख बोलली. मागच्या रांगेतल्या गप्पासुद्धा थांबल्या. मग मतदान सुरू झालं. आर्यने बुटांकडे बघत ''ॲब्स्टेन'' म्हटलं, फ्रान्सनेही तेच पुटपुटलं. मतं समसमान झाली. केयाने वळून बापाकडे पाहिलं. बापाने पहिल्या रांगेकडे पाहिलं, जिथे रेशमी कुर्त्यातला नरेंद्र व्हिडिओ घेत होता.

''अध्यक्ष तटस्थ राहतात,'' श्रीरंग त्याच भारदस्त आवाजात म्हणाला. ''ठराव बारगळला.''

टाळ्या पडल्या. जेवताना नरेंद्रने त्याच्या पाठीवर थाप मारली. ''मॅच्युअर डिसिजन.'' आणि माझा नवरा हसला. इतकं लाचार हसू मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसल्यावर तो म्हणाला, ''केया, स्पीच मस्त झालं हं.''

''इट वॉज ओन्ली अ प्ले, बाबा,'' मागच्या सीटवरून ती शांतपणे म्हणाली. ''खरं असतं तर तू काय केलं असतंस?''

श्रीरंगने किल्ली फिरवली. मला त्याच्या शेजारी बसवेना. मी दार उघडून उतरले आणि मागे केयाजवळ जाऊन बसले.