चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी शिसपेन्सिल आहे. आता इतकी आखूड, की चिमटीतून निसटते. माझे आयुष्य माशांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या थोरल्या बाई माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा स्पिरिटच्या कुपीत टाकत आणि माशाचा नंबर माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेत. चिठ्ठीही कुपीतच जाई. स्पिरिटमध्ये शाई विरघळते, शिसे नाही, म्हणून हा मान माझा. त्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्या तुकड्यावरून माशाचे कूळ कळते. नदीच्या वरच्या डोहातले मासे उन्हाळ्याचे तापलेले पाणी सोसत. पण तिथे वर्षानुवर्षे खालच्या पात्रातली, ते पाणी न सोसणारी पिल्ले आणून सोडली गेली. दिसायला सगळे सारखेच. म्हणून अस्सल वरचे मासे ओळखून त्यांचीच पैदास करायची ठरली. सगळे ज्यांना नाना म्हणत, त्या म्हाताऱ्या मासेमाराने चाळीस मासे धरून आणले. प्रत्येकाला वेगळी टाकी मिळाली.

थोरल्या बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या धाकट्या बाईंचे अक्षर मोत्यासारखे. त्यांनी नवे निळे पेन काढले आणि चाळीस चिठ्ठ्या देखण्या लिहिल्या. मी खणात पडून रुसले. मला काळजी माझ्या मानाची होती, माशांची नव्हे. याची आजही लाज वाटते.

चार दिवसांनी पाहतात तर स्पिरिट निळे आणि चिठ्ठ्या कोऱ्या. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. पुन्हा पर कापले, पुन्हा तपासणी झाली, तीन आठवडे गेले. अस्सल माद्या सहाच निघाल्या, आणि तोवर त्या अंडी टाकून बसल्या होत्या. नर दुसऱ्या टाक्यांत. अंडी फळलीच नाहीत. ही जात आयुष्यात एकदाच अंडी घालते आणि मरते.

पुढच्या वर्षी नानांनी डोह पिंजून काढला. या वेळी चिठ्ठ्या मी लिहिल्या. सगळे मासे खालच्या कुळाचे निघाले.

"उन्हाळ्यात तिथं आता काय जगणार, बाई?" नाना म्हणाले. "आम्ही जाळं टाकायचं कुठं?"

"चूक माझी आहे, नाना."

"तुमची असेल. पण मासे गेले ना."

मित्रांनो, जुन्या माणसाची एखादी सवय खुळी वाटली, तर ती मोडण्याआधी कारण विचारा. थोरल्या बाई दोनच गल्ल्या पलीकडे राहत होत्या. त्यांना विचारायला कुणीच गेले नाही.