गेनबाचा ठोका

लोणी काळभोरात गेनबाच्या बांधाखालून फायबरची केबल गेली, तेव्हाच कंपनीच्या हमीदभाईंनी त्याला बजावलं होतं, इथं पहार घालू नका. आतल्या काचेच्या तारेला जमिनीचा हादरा समजतो. कुणी खणायला लागलं की कर्वेनगरच्या ऑफिसात पडद्यावर जागा दिसते.

गेनबाला हे सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. दुसऱ्याच दिवशी त्यानं बांधावर पहार आपटली. दोन सावकाश, तीन झटपट, लेझमीच्या चालीवर. थोड्या वेळात जीप धुरळा उडवत हजर. गेनबा पेरू घेऊन उभा.

"या पाव्हणं, वाटच बघत हुतो."

मग तो खेळच झाला. कधी सोयऱ्यांना दाखवायला, कधी पैजेवर, कधी नुसतं करमत नाही म्हणून. हमीदभाई दर वेळी यायचे, पेरू खायचे, पुटपुटत जायचे. शेवटच्या खेपेला मात्र त्यांनी पेरूला हात लावला नाही.

"गेनबाराव, आता मी येणार नाही. मशीनला तुमचा ठोका शिकवलाय. तुमचा हात पडला की ते तुमचं नाव लिहितं आणि गप्प बसतं."

"म्हंजी कंप्युटर मला वळखतो?"

"घरच्यांपेक्षा जास्त."

गेनबानं गावभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. खात्रीला पहार आपटून पाहिली. खरंच कुणी फिरकलं नाही.

पुढं एकदा सगळं घर लग्नाला यवतला गेलेलं. दिवस कलताना ट्रॅक्टर बांधावरून घसरला आणि गेनबाचा पाय मडगार्डाखाली अडकला. फोन घरी चार्जिंगला. हाका मारल्या, त्या हायवेच्या ट्रकांनी गिळल्या. पायाखालची माती ओली होत चालली होती, आणि ते पाणी नव्हतं.

हाताला ट्रॅक्टरचा पान्हा लागला. शेजारीच केबलच्या खुणेचा पिवळा खांब. गेनबाला हसूच आलं. त्यानं पान्हा उगारला आणि हात तसाच थांबला.

नेहमीचा ठोका नको. परक्याचा हात वाटला पाहिजे.

त्यानं खांबावर वेडंवाकडं हाणायला सुरुवात केली. एक. मग उगाच चार. मग एक. पण कळ मस्तकात गेली की ध्यान सुटायचं, आणि हात आपसूक जुन्या वाटेला लागायचा. दोन सावकाश, तीन झटपट.

हायवेवर जीपसारखे दिवे दिसले. वळणाशी जरा मंद झाले, आणि सोलापूरच्या अंगाला निघून गेले.

अंधार पडला. पान्हा पडतच होता. कर्वेनगरात पडद्यावर आता कुणाचं नाव उमटतंय, हे गेनबाला चांगलं ठाऊक होतं.