दातांकडे बघणारी ताई

ताई कवळ्या बनवायची. दंतवैद्य मापं घेऊन पाठवायचे, आणि ताई त्यावरून प्लास्टरचा साचा ओतून, मेणात एकेक दात बसवून, घासूनपुसून चकचकीत कवळी हातात द्यायची. लॅबच्या मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. खिडकीतून येणारा उजेड, टेबलावर स्पिरिटचा दिवा, आणि दार लोटून घेतलं की बाहेरच्या जगाशी संबंध संपला. त्या खोलीत तिने अर्धं आयुष्य काढलं होतं आणि तिची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती इतरांची. ताई तुसडी आहे, माणूसघाणी आहे, असं नातेवाइकांत सर्वमान्य होतं. चार माणसं जमली की ही स्वयंपाकघरात भांडी घासायला पळायची. समोरचा बोलायला लागला की तिची नजर त्याच्या डोळ्यांवरून घसरून तोंडावर यायची आणि तिथेच थांबायची. "माझ्या दातांत काही अडकलंय का?" लोक ओशाळून विचारायचे. कधीकधी खरंच अडकलेलं असायचं, आणि ताई तसं सरळ सांगूनही टाकायची.

तिने पन्नाशी ओलांडली आणि लॅबच्या मालकांनी जागा बदलली. नवी जागा म्हणजे एक मोठा हॉल होता. डोक्यावर पांढऱ्याफटक ट्यूबलाइट, मधोमध लांबच लांब टेबल, एका टोकाला घासायची यंत्रं, दुसऱ्या टोकाला रेडिओ. "आता सगळे एकत्र! घरच्यासारखं!" मालक खुशीत म्हणाले. ताईला घरी इतकी माणसं कधीच चालली नव्हती.

ट्यूबलाइटची गुणगुण तिला दाढेतल्या ठणक्यासारखी लागायची. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "कसली गुणगुण?" ताईने दात आवळून काही आठवडे काढले. घरी गेली की कपडेसुद्धा न बदलता अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. मग एका दुपारी सगळी यंत्रं एकदम सुरू होती, रेडिओ मोठ्याने लागला होता, आणि कुणीतरी मागून येऊन सहज तिच्या खांद्यावर हात ठेवला. ताई उठली, सामानाच्या खोलीत गेली आणि प्लास्टरच्या गोण्यांमागे कानांवर हात दाबून बसली. मालक शोधत आले. "ताई, छातीत दुखतंय का? अहो ताई, काहीतरी बोला!" तिला बोलायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटेना.

दवाखान्यात नेलं. हृदय ठणठणीत निघालं. तरी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच घरी धाडलं नाही. तिचे मिटलेले डोळे बघून त्यांनी हळूच विचारलं, "दिवा बंद करू का?"

असा प्रश्न ताईला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने मान हलवली. अंधार झाल्यावर थोड्या वेळाने तिला आवाज सापडला. मग डॉक्टरीणबाईंनी आणखी काही विचारलं. लहानपणी कशी होतात, कुठले कपडे टोचतात, गर्दीतून आल्यावर काय होतं. शेवटी त्यांनी तिला एका मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बऱ्याच भेटी झाल्या आणि त्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात.

"स्वमग्नता?" ताईला तो शब्द अजिबात पटला नाही. "मी कुठे स्वतःत मग्न असते? मला तर सगळ्या जगाचं ऐकू येतं. आत्ता तुमच्या पलीकडच्या खोलीतला पंखा कुरकुरतोय."

बाई हसल्या. "शब्द फसलाय खरा. पण बाकीचं वर्णन?"

"बाकीचं माझंच आहे," ताई म्हणाली.

ताईचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. नवशिक्यांच्या हाती जीव देऊन शांत बसायची त्याला सवय होती. ताईने सगळं सांगितलं तेव्हाही तो शांतच बसला.

"म्हणजे आजार आहे?" त्याने विचारलं.

"नाही. माझी घडणच तशी आहे."

"औषध?"

"काही नाही."

त्याने बराच विचार केला. "मग ठीक आहे. मला वाटलं, आता तुला बदलून टाकतात की काय."

ताईला हसू आलं आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. पुढचे कित्येक दिवस ते थांबतच नव्हतं. शाळेतल्या बाई तिला दगड म्हणायच्या, ते आठवायचं. "जरा माणसांत राहायला शीक गं," असं म्हणत आईने पाहुण्यांपुढे ढकललेलं आठवायचं. त्या लहान मुलीची काहीच चूक नव्हती, हे सांगायला आता आई उरली नव्हती.

मानसतज्ज्ञ बाईंनी तिला एका वाचनालयातल्या बैठकीला जायला सुचवलं. ताईसारखीच मोठेपणी उलगडा झालेली मंडळी तिथे जमत. ताई दारातूनच परत फिरायच्या बेतात होती. पण आत बघितलं तर एकही जण दुसऱ्याच्या डोळ्यांत बघत नव्हता आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. एक आजोबा लिफ्ट कशी चालते ते तपशीलवार सांगत होते. ताईने मन लावून ऐकलं आणि मग त्यांना विचारलं, "तुमची खालची कवळी सैल झाली आहे का?" आजोबा उडालेच. "झाली आहे! तुम्हाला कसं कळलं?" त्या दिवशी ताई घरी गेली ती शीळ घालत.

आता राहिली होती धाकटी बहीण. धाकटी एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करायची. दिवसभर हसायचं, बोलायचं, अनोळखी माणसांना आपलंसं करायचं. थोरलीकडे नव्हतं ते सगळं धाकटीकडे दुप्पट आलंय, असं लोक म्हणायचे. दोघी बोलायच्या, पण तेवढ्यापुरतं.

ताईने तिला घरी बोलावून सांगितलं. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा चेहरा कठीण झाला.

"म्हणजे आता सगळ्याला हे कारण का?" ती म्हणाली. "माझं बाळ गेलं तेव्हा मी भिंतीला टेकून रडत होते, ताई. शेजारच्या बायका मला धरून बसल्या होत्या. आणि माझी सख्खी बहीण न्हाणीघरात नळ दुरुस्त करत होती!"

"तो गळत होता," ताई म्हणाली.

धाकटी ताडकन उठली आणि चपला घालायला लागली. ताईला कळलं, की एवढंच बोलून भागणार नाही. तिने सगळा जीव गोळा केला.

"तुझ्या रडण्याचा आवाज माझ्या अंगात शिरत होता. मला काही सुचेना. त्या घरात बरी करता येईल अशी एकच गोष्ट मला दिसली, म्हणून मी ती केली. मला तुला बरं करायचं होतं गं."

धाकटी क्षणभर थबकली. मग दुसरी चप्पल घातली आणि निघून गेली.

नंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. ताईने तेवढ्यात एक मोठं धाडस केलं. मालकांसमोर उभी राहून, त्यांच्या दातांकडे बघत तिने सांगितलं, "मला खिडकीजवळचं सामानाचं कपाट हलवून तिथे आडोसा करून द्या. माझ्या डोक्यावरची ट्यूब काढा. आणि मागून हात लावू नका, समोरून हाक मारा." मालकांनी डोकं खाजवलं. "एवढंच होतं, तर गोण्यांमागे कशाला बसलात? आधी सांगायचं की!" ताई म्हणाली, "आधी मलाच माहीत नव्हतं." दुसऱ्या दिवशी आडोसा तयार होता.

त्याच आडोशात एका सकाळी धाकटी येऊन उभी राहिली. तोंडावर ओढणी धरलेली होती. हॉटेलच्या पायऱ्यांवरून ती पडली होती आणि समोरचे दोन दात गेले होते. दंतवैद्यांनी माप घेतलं होतं, ते याच लॅबमध्ये आलं होतं.

"कुणालाही सांगितलं नाही," ती ओढणीआडून बोबडं बोलली. "जो तो 'अरेरे, काय झालं हे' करणार. मला ते नकोय. तू तसं करत नाहीस."

"बस," ताईने स्टूल पुढे केलं. "ओढणी काढ. उजेडाकडे तोंड कर."

ताईने 'अरेरे' केलं नाही. हिरड्या बघितल्या, उरलेल्या दातांशी रंग जुळवून बघितला आणि कामाला लागली. धाकटी बाजूला बसून होती. ताईने मेणात दोन दात बसवले, लांबून बघितलं, आणि डावा दात पुन्हा सैल करून किंचित वळवला, उजव्यावर जरासा चढेल असा.

"वाकडा का करतेस?" धाकटीने विचारलं.

"तो तसाच होता. तू खोटं हसतेस तेव्हा ओठ त्याच्यावरून खाली येतो आणि तो झाकला जातो. खरं हसतेस तेव्हा दिसतो. सरळ बसवला तर तुझं खरं हसू कुणाला कळणारच नाही."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मला आयुष्यभर वाटायचं, तू माझ्याकडे कधी बघतच नाहीस."

"मी बघतच होते," ताई म्हणाली. "फक्त तुला वाटायचं तिथे नाही."

धाकटीचे डोळे भरून आले. ती पुढे झाली आणि सवयीने पसरलेले हात तिने मधेच थांबवले. "मिठी मारू? चालेल का?"

"घट्ट मार. हलकी नको, हलकी मला सोसत नाही."

धाकटीने तिला अशी काही आवळली, की पलीकडून मालकांनी डोकावून विचारलं, "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," ताई बहिणीच्या खांद्यावरून म्हणाली.

हल्ली धाकटी सुट्टीच्या दिवशी ताईकडे येते. "आज आपण नुसतं गप्प बसायचं," असं येताना स्वतःच जाहीर करते. ताई खिडकीशी काहीतरी विणत बसते, धाकटी पाय वर घेऊन शेजारी. थोडा वेळ शांततेत जातो. मग धाकटी चुळबुळायला लागते, एकदा खोकते, आणि शेवटी म्हणते, "झालं का गं तुझं गप्प बसून? बोलू का आता?"

"बोल," ताई म्हणते, आणि विणकाम खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघत ऐकायला लागते.