पातेल्यावरचा उजेड

ते चित्र संयोगितानं तीन महिने रंगवलं होतं, तेही रोज संध्याकाळी साडेपाचनंतर. सकाळी तिची शाळा. तिथं ती चित्रकला शिकवायची. त्यांच्या दोन खोल्यांत चित्राला पुरेल असा उजेड फक्त स्वयंपाकघरात यायचा, आणि सकाळचा तो उजेड तिच्या नवऱ्याचा, उदयसिंहचा. स्वयंपाकाच्या वट्याला लागूनच त्याचा ईझल. ती घरी येऊन, भाजी निवडून, कुकर लावून ब्रश हातात घेईपर्यंत खिडकीत ऊन उरलेलं नसायचं. म्हणून तिनं जे उरायचं तेच रंगवलं. ओलं फडकं, वटा आणि मधोमध दुधाचं रिकामं पातेलं, चमक गेलेलं, राखाडी. त्या राखाडीसाठी कितीदा तरी तिनं रंग खरवडून काढला होता.

दोघं एकाच वर्गात शिकलेले. तेव्हा एकमेकांच्या कॅनव्हासवर बिनधास्त हात मारायचे. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर यंदा पहिल्यांदा दोघांचं मिळून प्रदर्शन ठरलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ती चार दिवस आईकडं मुरगूडला गेली. चित्रं हॉलवर नेऊन लावली ती उदयसिंहनं.

उद्घाटनाला ती एसटीतून उतरून थेट हॉलवर आली. तिच्या चित्रापुढं त्यांचे जुने शिक्षक पिराजी सर उभे होते.

"ये ये. पातेल्याच्या काठावर हा एकच फटकारा मारलायस न्हवं, त्यानं चित्र उभं राहिलंय बघ. एवढं धाडस कुठनं आलं तुझ्यात?"

"थँक्यू सर," ती सवयीनं म्हणाली आणि मग तिनं पाहिलं. काठावर जाडसर, पिवळट पांढरा रंग होता. सकाळचं ऊन.

उदयसिंह चहाच्या टेबलापाशी होता. तिनं त्याला बाजूला ओढलं.

"पातेल्याला हात लावलास?"

"जरा मेल्यागत वाटत हुतं. एकच स्ट्रोक दिला की."

"मला इचारायचं न्हाय?"

"तू दवाखान्यात हुतीस. आणि आपल्यात कवापासनं इचारायचं आलं? आपलंच चित्र हाय."

"मग तुझ्या त्या डोंगराच्या चित्रावर मारू आत्ता हात? तेबी आपलंच की!"

त्यानं तिच्या चित्राकडं नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "पण सरांना आवडलं न्हवं?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती परत सरांकडं गेली. "सर, तो फटकारा माझा न्हाय. उदयचा हाय."

सर मोठ्यानं हसले. "अगं, नवराबायकोत कसलं आलंय तुझं-माझं!"

आजूबाजूचे चार लोकही हसले. संयोगितानं चित्र खिळ्यावरनं उतरवलं, काखेत मारलं आणि चालू कार्यक्रमातनं रिक्षा करून घरी आली.

फटकाऱ्याचा रंग अजून ओला होता. सुरीनं काढायला गेली तर खालची तिची राखाडीही निघून आली आणि पांढरा कॅनव्हास उघडा पडला. पुढचे तीन दिवस ती तो राखाडी रंग मिसळत राहिली. जमला नाही. कधी निळा जास्त व्हायचा, कधी मातकट. शेवटी तिनं चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं. उदयसिंह दोनदा "चुकलं माझं" म्हणाला. पण काय चुकलं हे त्याला कळलंय, असं तिला काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी तिनं त्याचा ईझल उचलून बाहेरच्या खोलीत ठेवला आणि त्या जागी आपला लावला. कोरा कॅनव्हास.

तो पॅलेट घेऊन दारात आला. "मी कुठं बसू?"

"बस जा कुठंबी. आणि आमटी तू कर."

त्यानं बाहेर ठेवलेल्या ईझलकडं एकदा बघितलं. मग पॅलेट ठेवून वट्याशी आला आणि डबे उघडू लागला. एक, दोन, तीन.

"मोहरी कुठं हाय?"

"शोध."

तिच्या अंगावरनं वाकून तो वरच्या फळीवरचा डबा काढू लागला. कोपर ईझलला लागलं, तिची रेघ वाकडी गेली.

"उदय!"

"अगं, जागाच न्हाय तर मी काय करू?"

तिनं रेघ पुसली आणि पुन्हा सुरू केली.